स्त्री-कर्करोगशास्त्र : उशिरा मान्यता मिळालेली उपशाखा

गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश, योनी व बाह्य जननेंद्रिये यांच्या कर्करोगाचे निदान, शस्त्रक्रिया आणि पाठपुरावा करणारी वैद्यकीय उपशाखा म्हणजे स्त्री-कर्करोगशास्त्र. भुसावळसारख्या गावात रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव सुरू झालेली स्त्री प्रथम जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. या शाखेचे महत्त्व तिथूनच सुरू होते. गर्भाशयमुखाची तपासणी व बायोप्सी न करता पिशवी काढली आणि कर्करोग असल्याचे नंतर पॅथॉलॉजीच्या अहवालातून कळले, तर झालेली शस्त्रक्रिया बहुधा अपुरी ठरते. भोवतालच्या ऊती व लसिकाग्रंथी मागे राहिलेल्या असतात. मग पुन्हा अवघड शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करावे लागतात. रोग पुढच्या टप्प्यात असेल, तर शस्त्रक्रिया नव्हे, किरणोपचार व सोबत केमोथेरपी हाच मुख्य उपचार असतो.

व्हिएन्नाचे एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मूलगामी शस्त्रक्रिया केली. कोलकात्याचे डॉ. सुबोध मित्र यांच्या नावाने योनिमार्गे करावयाची एक पद्धत ओळखली जाते. तंत्र असे जुने असले, तरी स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता अमेरिकेतही १९७० च्या दशकाच्या आरंभीच मिळाली. भारतात स्वतंत्र पदवी त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने आली. स्त्रीरोगशास्त्रातील एम.डी. वा एम.एस. झाल्यावर ‘नीट-एसएस’ परीक्षेद्वारे तीन वर्षांच्या एम.सीएच.ला प्रवेश मिळतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी हा दुसरा मार्ग. मूत्रवाहिनी व आतड्यांवरील शस्त्रक्रिया, कॉल्पोस्कोपी, केमोथेरपी आणि किरणोपचाराची तत्त्वे हे सारे त्यात येते. अल्पमुदतीची फेलोशिप वेगळी. पण दवाखान्याची पाटी वाचणाऱ्या रुग्णाला हा फरक क्वचितच कळतो.

प्रतिबंधाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने जगाला पुरावा दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या पाहणीत एचपीव्हीच्या एकाच चाचणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी १९४१ पासून परळला असलेले टाटा रुग्णालय खान्देशातील अनेकांचे अखेरचे ठिकाण असते. भुसावळहून रेल्वेने ते सुमारे साडेचारशे किलोमीटर. तिथे पोहोचल्यावर आधीच्या शस्त्रक्रियेतील नमुन्याच्या स्लाइड व मेणाचे ब्लॉक मागितले जातात. गावच्या रुग्णालयातून निघतानाच ते सोबत घेतले, तर एक खेप वाचते.