कार्ल्याचे यवन आणि ओसरत्या पावसातली गलबते

मळवली स्थानकाच्या उत्तरेस, एकवीरा देवीच्या मंदिराला लागून कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटाचा यवन सिहधय आहे, यवन यसवधन आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियन, ग्रीक. समुद्र नसलेल्या मावळात ते आले कोठून?

उत्तराचा एक धागा वाऱ्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही सागरी मार्गदर्शिका लिहिली. भारताकडे जुलैत निघावे, असे ती सांगते. जूनच्या तुफानात आपल्या किनाऱ्याला भिडणे म्हणजे गलबताचा चुराडा. जुलैत निघालेले गलबत तांबडा समुद्र उतरून ऑगस्टच्या सुमारास खुल्या समुद्रात शिरे आणि नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरत असताना, सप्टेंबराच्या आसपास, इकडे पोहोचे. (कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्या शांत होण्याची वाट पाहतात, तोच हा हिशोब.) लाल समुद्राच्या मुखावरील ओकेलिसहून केरळातील मुझिरिसपर्यंत ४० दिवस लागत, असे प्लिनी लिहितो. स्ट्रॅबोच्या काळी म्योस होर्मोसहून दरसाल १२० जहाजे भारताकडे येत.

परतीचा ईशान्य वारा मात्र डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आलेल्या माणसाला तीन महिने किनाऱ्यावर काढणे भागच होते. एवढ्या काळात ओळखी होतात, उधारी होते. काहींचा पाय येथेच अडकला असेल, असा तर्क अवाजवी नाही.

पेरिप्लस सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नोंदवते. कल्याणहून बोरघाट चढला की मावळ. पण कल्याणचा व्यापार तेव्हा रोखलेला होता. तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षहरात आणि सातवाहन यांच्या झगड्याचा हा समुद्राकडील चेहरा. घाटमाथ्यावरील चेहरा कार्ल्यातच दिसतो: नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंना करजिक गाव दिले, आणि सातवाहनांनी सत्ता परत मिळवल्यावर तेच गाव पुन्हा दान केले. ज्या पावसाचा वारा गलबतांना येथे आणत होता, त्याच पावसात भिक्षू डोंगरात थांबत होते.

‘कार्ले ग्रीकांनी बांधले’ हे समाजमाध्यमांवरील आवडते विधान मात्र शिलालेखांपुढे टिकत नाही. चैत्यगृह पूर्ण केल्याचे श्रेय वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल घेतो. द्वारमुखाशी धेनुकाकटाचा सुतार सामि आणि गंधी सिंहदत्त यांची नावे आहेत. यवन हे अनेकांपैकी एक. शिवाय त्यांची नावे पाहा: सिहधय, यसवधन, धम्म. एकही नाव ग्रीक वाटत नाही. म्हणून काही अभ्यासक त्यांना दीर्घकाळ स्थायिक झालेले, बौद्ध धर्म स्वीकारलेले लोक मानतात, तर काहींच्या मते ‘यवन’ ही केवळ परकीयत्वाची खूण होती. पहिला पक्ष अधिक पटतो. नाव बदलूनही ‘यवन’ हा शब्द दगडात कोरून घ्यावासा वाटला, याचा अर्थ तो लपवण्याजोगा नव्हता. धेनुकाकट नेमके कोठे, यावर वाद आहे. डहाणूपासून आंध्रातील धरणीकोटपर्यंत अनेक स्थळे सुचवली गेली आहेत.

बंदराचा उल्लेख मात्र खांबांवर स्पष्ट आहे. यवनांच्या खांबांबरोबरच येथे सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, धर्मग्रंथांचे पठण करणाऱ्या भिक्षूने, पवित्र अवशेषांसह दिलेला एक खांब उभा आहे.