१२ ऑक्टोबर २०२०: कळवा, पडघा आणि सिद्ध न झालेला सायबर हल्ला

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. करोनाच्या निर्बंधांमुळे लोकलमधून तेव्हा केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचारीच प्रवास करत होते. गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि अनेकांनी रुळांवरून चालत जवळचे स्थानक गाठले. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

या घटनेचे दोन इतिहास आज प्रचलित आहेत. एका इतिहासात चीन आहे, तर दुसऱ्यात देखभालीतील हलगर्जीपणा. दोन्हींचे केंद्र मात्र ठाणे जिल्ह्यातच आहे.

आधी भूगोल. मुंबईला बाहेरून मिळणारी वीज ४०० केव्हीच्या मोजक्या वाहिन्यांवरून कळवा आणि खारघर येथील उपकेंद्रांत उतरते. कळव्याला ती भिवंडीजवळच्या पडघ्याहूनही येते. एकेकाळी रेल्वेला या परिसरात स्वतःचा आधार होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ साली कल्याण-डोंबिवलीच्या मध्ये, ठाकुर्लीला चोळा वीजगृह उभारले होते. ते काळाआड गेले. पुढे महानगर जसजसे फुगत गेले, तसतसे त्याचे सारे ओझे या मोजक्या तारांवर आले.

त्या दिवशी घडले ते थोडक्यात असे. कळवा–पडघा दरम्यानची एक वाहिनी आधीपासूनच दुरुस्तीसाठी बंद होती. पहाटे पुणे–खारघर वाहिनीही गेली. सगळा भार उरलेल्या वाहिन्यांवर आला. त्यातच कळवा–पडघ्याची दुसरी वाहिनी बिघडली आणि पाठोपाठ उरलेली साखळी कोसळली. अशा वेळी मुंबईने उर्वरित जाळ्यापासून स्वतःला तोडून घेऊन स्थानिक विजेवर तगावे, यासाठी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था आहे. शहराला तिचा मोठा अभिमान होता. त्या दिवशी तीही टिकली नाही.

दोनच दिवसांनी ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हटले. नोव्हेंबरात पडघ्याच्या ‘भार प्रेषण केंद्रा’त मालवेअर सापडल्याच्या बातम्या आल्या. येथे क्षणभर थांबावे लागते. राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीत आहे. पडघ्याला आहे ते उपकेंद्र. ठिकाणाची ही गल्लत पुढे परदेशी अहवालातही उतरली.

तो अहवाल म्हणजे अमेरिकेतील ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या कंपनीने २८ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रसिद्ध केलेला दस्तऐवज. ‘रेडएको’ असे नाव दिलेल्या, चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीजक्षेत्रातील किमान १० संस्थांना लक्ष्य केले, त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे होती, असे त्यात म्हटले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच दिवशी हा विषय मुंबईच्या अंधाराशी आणि जून २०२० च्या गलवान संघर्षाशी जोडला. मूळ अहवालात मात्र मुंबईच्या घटनेशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असे स्पष्ट लिहिले होते. हे वाक्य मथळ्यांपर्यंत पोहोचले नाही.

१ मार्चला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचे निष्कर्ष मांडले: एमएसईबीच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स सोडले गेले असण्याची शक्यता, परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा, काळ्या यादीतील आयपी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी अंधाराचे कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. सायबर हल्ले झाले होते, पण त्यांचा या घटनेशी संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत महाविकास आघाडी, दिल्लीत भाजप. वाद कोणत्या दिशेने गेला असेल, हे सांगायला नको.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने देशमुखांच्या निवेदनातील ‘एमएसईबी’ हा शब्दच अडचणीचा आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि एक सूत्रधारी कंपनी असे विभाजन झाले. मग सर्व्हर नेमका कोणाचा? बिले काढणारा, कार्यालयीन कामाचा, की वाहिन्या चालू-बंद करणाऱ्या नियंत्रण प्रणालीचा? पहिल्या दोहोंत घुसलेला माणूस गुपिते चोरू शकतो. कळव्याची वाहिनी त्याला तेथून तोडता येत नाही.

सायबर हल्ल्याने वीज खरोखर जाते तेव्हा पुरावा कसा असतो, हे युक्रेनने दाखवले होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वितरण कंपन्यांचे सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरत होता आणि एकेक स्विच बंद करत होता. फसव्या ईमेलपासून त्या स्विचपर्यंतचा माग तपासकांनी जोडून दाखवला. मुंबईच्या बाबतीत असा माग सार्वजनिक झालेला नाही.

याचा अर्थ धोका काल्पनिक होता, असा नव्हे. रेडएकोच्या यंत्रणेशी जोडले गेलेले ‘शॅडोपॅड’ २०१७ साली उघडकीस आले, तेच मुळी नेटसारंग या कंपनीच्या अधिकृत सॉफ्टवेअरमध्ये दडलेले. म्हणजे ग्राहकाने विश्वासाने उतरवून घेतलेल्या अपडेटमधूनच ते घरात शिरत होते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानेही मान्य केले की, सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० रोजी शॅडोपॅडबाबत इशारा दिला होता. चोर अंगणात होता आणि त्याच सकाळी घराचे जुने वासे मोडले. त्याने ते मोडले असे म्हणण्यास आधार नाही, इतकेच.

या वादात दोन्ही बाजूंना सोयीचे उत्तर सापडले आणि मोडलेल्या वाशांची चर्चा मागे पडली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मुंबईत जास्तीची वीज आणणारी ४०० केव्हीची खारघर–विक्रोळी वाहिनी मात्र कार्यान्वित व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.