सुप्पारक : बंदर, गाव आणि महानगर

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरसारख्या गावातून रोजगारासाठी मुंबईला गेलेल्या माणसाला नालासोपारा हे नाव अपरिचित नसते. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड आणि विरार या स्थानकांच्या दरम्यानचे हे स्थानक. नाळे आणि सोपारा या दोन गावांवरून त्याचे नाव पडले. यांतील सोपारा म्हणजेच पालि वाङ्मयातील सुप्पारक, संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक. रोज तेथे चढणाऱ्या-उतरणाऱ्या गर्दीत ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल?

तिपिटकात सुप्पारकाचा उल्लेख महत्त्वाच्या प्रसंगी येतो. 'उदान' ग्रंथातील बाहिय दारुचीरिय हा तपस्वी याच समुद्रतीरावर राहत होता. लोकांचा मानसन्मान मिळाल्याने आपण अर्हत झालो, असे त्यास वाटू लागले. तो भ्रम दूर होताच तो थेट श्रावस्तीस गेला आणि भिक्षाटन करीत असलेल्या तथागतांना त्याने उपदेशाची याचना केली. दुसरे नाव पुण्ण थेरांचे. अट्ठकथा त्यांना सुप्पारकाचे रहिवासी म्हणते. सुनापरान्तातील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, प्रसंगी जीवही घेतील, त्यावेळी तू काय करशील, असे तथागतांनी पुण्णाला विचारले. प्रत्येक प्रश्नाला पुण्णाचे उत्तर क्षमेचे होते. त्याच वर्षावासात त्यांनी 500 उपासक आणि 500 उपासिका धम्मात प्रतिष्ठित केल्या, असे मज्झिमनिकायातील 'पुण्णोवादसुत्त' सांगते. धम्म जाणल्यावर ज्या लोकांत आपण जन्मलो त्यांच्याकडेच परत जावे, हा पुण्णाचा आदर्श आजच्या शिक्षित उपासकानेही मनन करण्याजोगा आहे.

ही केवळ ग्रंथांतील स्मृती नव्हे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 साली सोपाऱ्यात मिळाला. राजाने मृगयेच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, जनपदातील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्मचर्चा केली, हा त्या लेखाचा विषय. पुढे 1956 साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक जे निरर्थक विधी करतात त्यांचे फळ अल्प असते. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल होय, असा त्याचा आशय आहे. ज्या वर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी हा लेख उजेडात यावा, हा योगायोग अभ्यासकाच्या मनात सहज राहून जातो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तान्त 'पेरिप्लस' सुप्पाराची गणना पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी नगरांत करतो. आपल्या मराठवाड्यातील पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, ही नगरेही याच ग्रंथात येतात. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने स्तंभदान केल्याचा लेख आहे. सातिमित धम्मुत्तरीय निकायाचा होता. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून त्याचे पठण करणारा. सोपाऱ्यात मालाबरोबर वचनेही येत-जात होती, याचा हा शिलेवरचा पुरावा होय.

सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन इंद्रजींनी एप्रिल 1882 मध्ये केले. स्तूपाच्या गर्भात विटांची कोठडी व तीत दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्यात एकात एक ठेवलेले इतर करंडक निघाले. सर्वांत आतील करंडक सोन्याचा होता. त्यात मातीच्या पात्राचे 13 तुकडे होते. हे तथागतांच्या भिक्षापात्राचे अवशेष मानले गेले. सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे रौप्य नाणे, तसेच सात मानुषी बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ कांस्यमूर्तीही तेथे मिळाल्या. या मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील आहेत. सातवाहनकाळानंतर कित्येक शतके या स्तूपावर श्रद्धेची फुले वाहिली जात होती, असा याचा अर्थ. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन केलेले आहेत.

इंद्रजींनी उत्खनन केले तेव्हा ग्रामस्थ या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. या नावाकडे विद्वानांनी कौतुकाने पाहिले, पण त्यातील सामाजिक अर्थाकडे लक्ष द्यावयास हवे. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. नगराचे नाव विसरले गेले, भिक्खुसंघ नाहीसा झाला, तरी शूर्पारकाची स्मृती लोकांनी सुपाच्या आणि बुरुडाच्या रूपाने सांभाळली, असे मला वाटते. ज्याला समाजाने गावकुसाबाहेर ठेवले, त्या कारागिराला लोककथेने राजा केले.

खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे गाव झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील घरांच्या टंचाईमुळे लोकवस्तीचा ओघ इकडे वळला आणि गावाचे शहर झाले. दिनांक 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा व 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. एकेकाळचे नगर आता महानगराचा एक कोपरा आहे.

शहर वाढू नये असे कोणी म्हणणार नाही. तेथे घर शोधणारा आपलाच माणूस आहे. परंतु स्तूपाभोवतीचे कुंपण विटांचे रक्षण करते, अर्थाचे नाही. अशोकाचा लेख मुंबईच्या संग्रहालयात, करंडक एशियाटिक सोसायटीत आणि स्तूप सोपाऱ्यात, असा हा वारसा विखुरला आहे. तो एकत्र आणण्याचे स्थान उपासकाचे मन हेच आहे. बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्यास जाणाऱ्यांनी पुष्प अर्पण करावे, आणि त्याबरोबर 'पुण्णोवादसुत्ता'चे पठणही करावे. सातिमित भाणकाचे काम ते हेच.