पाच दाणे आणि चार सुना : हिवाळ्यातल्या बियाण्याचा इतिहास



पौष महिना सुरू आहे. पावसाळ्यात लावलेले वेल आता वाळायला लागलेत. दोडक्याला हात लावला की आत बिया खुळखुळतात, दुधीची साल लाकडासारखी टणक होते आणि वालाच्या शेंगा कडकडीत वाळून वळतात. पूर्वीच्या घरांत हे दिवस बियाणं धरण्याचे असत. पुढच्या वर्षी काय पिकणार हे आत्ताच ठरायचं, आणि ते ठरवायची घरातली बाई. हा इतिहास पुस्तकांत फारसा येत नाही, म्हणून आज त्यावर लिहिते आहे. सुरुवात मात्र आपल्या आगमातल्या एका गोष्टीने करते. तुम्ही ती व्याख्यानात ऐकलेली असेल.

ज्ञाताधर्मकथा सूत्राच्या सातव्या अध्ययनात राजगृहीच्या धन्य सार्थवाहाची कथा आहे. त्याला चार मुलगे आणि चार सुना. आपल्यामागे घर कोण सांभाळेल हे पाहण्यासाठी तो नातेवाइकांसमक्ष प्रत्येक सुनेला भाताचे पाच दाणे देतो आणि मागेन तेव्हा परत द्या म्हणून सांगतो. थोरली उज्झिका विचार करते की कोठारात भात भरलेला आहे, मागतील तेव्हा त्यातले पाच देऊ. आणि दाणे टाकून देते. दुसरी भोगवती सोलून खाऊन टाकते. तिसरी रक्षिका ते वस्त्रात बांधून रत्नांच्या डबीत ठेवते आणि रोज जपते. धाकटी रोहिणी दाणे माहेरी पाठवते आणि पहिल्या पावसाबरोबर वेगळ्या वाफ्यात पेरायला सांगते. रोपं उपटून पुन्हा लावायची, कापणी-मळणी करायची, नव्या घड्यात भरून तोंड लिंपायचं, वर मुद्रा करायची आणि पुढच्या पावसात तेच पुन्हा पेरायचं. पाचवं वर्ष लागल्यावर सासरा दाणे मागतो, तेव्हा रोहिणीचे दाणे आणायला गाड्या लागतात. उज्झिकेला झाडलोटीचं काम मिळतं, भोगवतीला स्वयंपाकघर, रक्षिकेला भांडार, आणि रोहिणीकडे सगळ्या घराचा कारभार येतो.

पाच दाणे म्हणजे पाच महाव्रतं हा या कथेचा अर्थ आपल्याला माहीत आहे. पण दृष्टांत द्यायला बियाण्याचीच गोष्ट निवडली आहे आणि तीही पेरणीपासून लिंपण्यापर्यंत इतक्या बारकाईने सांगितली आहे. त्या काळच्या घरांत हे काम किती ओळखीचं असेल, ते यावरून कळतं.

आता दुसरं सूत्र. भगवती सूत्राच्या सहाव्या शतकात गौतमस्वामी भगवान महावीरांना विचारतात, की कोठ्यात, मोठ्या टोपलीत किंवा माळ्यावर लिंपून, झाकून, मुद्रा करून ठेवलेल्या धान्याची योनी किती काळ टिकते? म्हणजे त्यात उगवण्याची शक्ती किती काळ राहते? उत्तरात तीन गट आहेत. साळी, भात, गहू, जव यांची जास्तीत जास्त ३ वर्षं. वाटाणा, मसूर, तीळ, मूग, उडीद, वाल, कुळीथ, तूर, हरभरा यांची ५ वर्षं. जवस, करडई, कोद्रव, राळा, मोहरी, मुळ्याचं बी यांची ७ वर्षं. त्यानंतर ते बी राहत नाही. आपल्याकडे हा पाठ सचित्त-अचित्ताचा विवेक म्हणून येतो. पण हाच पाठ म्हणजे बियाणं साठवण्याचं जुनं वेळापत्रकही आहे.

ही दोन्ही सूत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचते तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. भाताची मुदत ३ वर्षं, आणि सासऱ्याने दाणे मागितले पाचव्या वर्षी. म्हणजे रक्षिकेने इतक्या मायेने जपलेले दाणे दिसायला तेच असले तरी आगमाच्याच हिशोबाने ते उगवणारे राहिले नव्हते. जिवंत दाणे फक्त रोहिणीकडे होते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मुद्दल जपून ठेवावं हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं. पण बियाण्याचं मुद्दल तिजोरीत ठेवून टिकत नाही. ते दरवर्षी कुणीतरी मातीत घालावं लागतं, तरच ते शिल्लक राहतं. बियाण्याचा सगळा इतिहास या एका नियमावर चालतो.

आपल्या महाराष्ट्रातल्या घरांत हा नियम कसा पाळला जाई? पहिलं काम निवडीचं. वेलावरची सगळ्यात चांगली, निरोगी शेंग किंवा फळ खायला तोडायचं नाही, ते बियाण्यासाठी ठेवायचं. खूण म्हणून त्याला चिंधी बांधायची. दुधी वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा. भेंडी झाडावरच वाळवायची. मक्याची कणसं सालीनेच गुंफून आढ्याला टांगायची. चुलीच्या वर टांगलं की धुरामुळे कीड लागत नसे. वाल, पावटा, घेवडा यांच्या बिया गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरायच्या, वर कडुनिंबाचा पाला ठेवायचा आणि तोंड शेणमातीने लिंपायचं. भातासाठी कणगी. घड्याचं तोंड लिंपायची रोहिणीची पद्धत आणि ही पद्धत यांत फार अंतर नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

यासाठी हिवाळाच का, तर हवा कोरडी म्हणून. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणं शास्त्रातला ढोबळ नियम आहे. राख नेमकं तेच काम करते. ती ओलावा ओढून घेते आणि किड्यांनाही हालचाल करू देत नाही. आपल्या आज्यांना टक्केवारी ठाऊक नव्हती. दाताखाली दाणा कट्कन फुटला की वाळला, हे त्यांना पुरत होतं.

मग हे थांबलं कधी? साधारण साठ वर्षांपूर्वी. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झालं. १९६४ मध्ये जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली आणि त्याच वर्षी ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, शेतकऱ्यांसाठी आला. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज सुरू झालं. हे सगळं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. देशात धान्याचा तुटवडा होता आणि संकरित बियाण्याने उत्पन्न वाढलं. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण संकरित बियाण्याचा एक गुण असा, की त्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी सारखं येत नाही. एक झाड उंच, एक बुटकं, एकाला कणीस भरलेलं तर दुसऱ्याला पोचट. म्हणून दरवर्षी नवं पाकीट आणावं लागतं. पाकीट दुकानातून आलं, आणि दुकानात बहुधा घरातला पुरुष जायचा. कोणतं बी पेरायचं हा बाईकडचा निर्णय सावकाश तिच्या हातातून गेला. तिने राखलेली मडकी दोन-चार वर्षं तशीच राहिली. कुणी फेकली नाहीत. पण पेरलीही नाहीत.

आमच्या शिरवण्यात हे वेगळ्या रस्त्याने घडलं. आज इथे चारी बाजूंना जुईनगर-नेरुळचे सेक्टर आणि पलीकडे एमआयडीसी दिसते. पण गावठाण जुनं आहे, आगरी-कोळी समाजाचं. या खाडीपट्ट्यात भातशेती, मिठागरं आणि मासेमारी चालायची. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या खाजणात भात घ्यायचा. खारेपणात तग धरणारे ‘राता’सारखे लालसर तांदळाचे वाण या किनाऱ्यावर होते, आणि भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जाई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात ५ शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

जमिनीचा हिशोब निदान मांडला तरी गेला. पण कणगीतल्या बियाण्याचं काय? भगवती सूत्राचा आकडा इथे लावून पाहा. जमीन गेली, पेरणी थांबली, की भाताच्या बियाण्याला तीन वर्षं आणि वालाला पाच. तेवढ्या काळात एखादा वाण कुणीच पेरला नाही, तर तो संपला. पुढे भूखंड मिळाला तरी तो परत येत नाही. सगळे वाण गेले असं नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने राता वाणांवर काम केलं आणि खाऱ्या जमिनीसाठी भाताचे नवे वाणही काढले. पण एका घराचा असा खास वाल, आईकडून सुनेकडे आलेला, कुठल्या केंद्रात जाणार?

असे घराघरांतले वाण एका बाईने गोळा केले. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे गाव. तिथल्या राहीबाई सोमा पोपेरे महादेव कोळी समाजाच्या. शाळेत गेल्या नाहीत. घरातली माणसं, विशेषतः लहान मुलं, वारंवार आजारी पडतात, ती संकरित आणि फवारलेल्या धान्या-भाज्यांमुळे, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या बायांकडून जुनं बियाणं मागून आणायला सुरुवात केली. वाल आणि घेवड्याचेच कितीतरी प्रकार त्यांनी जमवले. भात, नाचणी, भाज्या वेगळ्याच. पुढे बाएफ संस्थेची साथ मिळाली, बचत गटांतल्या बाया जोडल्या गेल्या आणि कळसूबाई परिसरात बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

राहीबाईंनी बियाणं नुसतं जमवलं असतं, तर त्या रक्षिका ठरल्या असत्या. त्यांनी ते दरवर्षी परसात पेरलं, दुसऱ्यांना दिलं आणि पीक आल्यावर परत घेतलं. रोहिणीने हेच केलं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बियाणं उणे १८ अंशांवर ठेवतात. तीसुद्धा रत्नांची डबी, फक्त जास्त थंड. तिथलंही बी अधूनमधून उगवून पाहावं लागतं. २००१ च्या पिकांचे वाण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ते कंपनीच्या नावाने विकता येत नाही. हक्क कागदावर आहे. तो वापरणारे हात हवेत.

काही जणी म्हणतील, आपण तर सचित्ताचा त्याग करतो, मग पेरण्याच्या आरंभात कशाला पडायचं? ज्यांचे तसे नियम आहेत त्यांनी ते जरूर पाळावेत. पण कृषी शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनी, भगवान ऋषभदेवांनी. कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या समाजाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. मंदिरात आपण अक्षत चढवतो, कारण साल काढलेला तांदूळ पुन्हा उगवत नाही. जन्ममरण संपावं अशी ती भावना. ज्या समाजाने उगवणारं आणि न उगवणारं यांतला फरक इतक्या काळजीने पाहिला, त्याने बियाण्याकडे निष्काळजीपणे पाहू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी सोडली की आपलं घर चालतं ते कडधान्यावरच. वाल-मुगाचं ऋण आपल्यावर इतरांपेक्षा जास्तच आहे.

ज्यांना करायचं आहे त्यांनी या हिवाळ्यात एवढं करावं. गावाकडून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून वालाचं किंवा घेवड्याचं देशी बी आणा. या शेंगांचं बी बहुतेक सारखंच येतं, त्यामुळे सुरुवातीला सोपं. दुधी, दोडका यांचं परागीकरण शेजारच्या वेलाशी होतं, म्हणून आसपास एकच प्रकार असला तर बरं. संकरित पाकिटाच्या पिकातलं बी धरू नका. शेंगा झाडावरच वाळू द्या, मग दाणे सावलीत चार-पाच दिवस पसरा. शुद्ध राख मिळाली तर त्यात घोळून काचेच्या बरणीत भरा. चिठ्ठीवर नाव, कुणाकडून मिळालं आणि महिना-वर्ष लिहा. जुनं आधी पेरा, नवं मागे ठेवा. जानेवारीच्या शेवटी भेंडी, गवार, काकडी पेरायला घ्या. वाल पुढच्या हंगामात.

आणि संक्रांत आलीच आहे. मराठीत ‘वाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हळदीकुंकवाला देतो ते वाण, आणि पिकाचा वाण. प्लॅस्टिकच्या डब्या सगळ्यांच्या घरी भरपूर झाल्या. यंदा कागदाच्या पुडीत वालाचे पाच-पाच दाणे द्या, वर चिठ्ठी लावा, आणि पुढच्या संक्रांतीला त्यांतले पाच परत मागा. कोणाच्या दाण्यांचं काय झालं, ते तेव्हा कळेलच.