दाढी वाढवावी, दुभाष्यात काटकसर करू नये : चौदाव्या शतकातील चीनच्या वाटेवरचे सल्ले

१. इ.स. १३४० च्या सुमारास इटलीतून चीनला निघणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एक लेखी सल्ला उपलब्ध होता. त्याची सुरुवातच अशी : दाढी वाढू द्यावी, वस्तरा लावू नये. सल्ला देणारा होता फ्रान्चेस्को पेगोलोत्ती, फ्लॉरेन्सच्या बार्दी या बलाढ्य पेढीचा गुमास्ता.

२. पेढीच्या कामानिमित्त अँटवर्प, लंडन आणि सायप्रस येथे राहिलेल्या पेगोलोत्तीने देशोदेशीची वजने, मापे, नाणी आणि जकाती यांची एक पोथी तयार केली. ‘प्रात्तिका देल्ला मेर्कातुरा’ या नावाने ती ओळखली जाते. तो स्वतः चीनला गेल्याचा पुरावा नाही. जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेले त्याने टिपून ठेवले.

३. वाट सुरू होई अझोव समुद्राकाठच्या ताना या बंदरातून. तेथून अस्त्राखानपर्यंत बैलगाडीने २५ दिवस, घोडागाडीने १० ते १२. पुढे नदीमार्गे सराय, मग उंटांच्या गाड्यांनी उर्गेंच आणि ओत्रार. ओत्रारहून अल्मालिकपर्यंत ओझ्याच्या गाढवांसह ४५ दिवस आणि तेथून चीनच्या सीमेकडे आणखी ७०. खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, गाठेपर्यंत नऊ महिने सहज उलटत.

४. तानामध्ये दुभाषा घ्यावा आणि तो स्वस्तातला नसावा, असे पेगोलोत्ती बजावतो. चांगल्याला जास्त द्यावे लागणारे वेतन त्याच्यामुळे होणाऱ्या बचतीपेक्षा कमीच भरते. शिवाय कुमान भाषा जाणणारे किमान दोन नोकर हवेत. त्या गवताळ प्रदेशात हीच तुर्की भाषा चाले. पहिल्या २५ दिवसांसाठी पीठ आणि खारवलेले मासे सोबत न्यावेत. मांस वाटेत हवे तेवढे मिळते.

५. चीनमध्ये पोहोचल्यावर व्यापाऱ्याने आपली चांदी राजाच्या खजिन्यात द्यायची आणि बदल्यात शिक्का मारलेला पिवळा कागद घ्यायचा. या कागदावर रेशीम किंवा हवा तो माल घेता येतो आणि कागद दिला म्हणून भाव चढत नाही, असे आश्वासन पेगोलोत्ती देतो. सोन्याचे फ्लोरिन मोजणाऱ्या वाचकाला या आश्वासनाची गरज होतीच.

६. वाट मात्र रात्रंदिवस सुरक्षित आहे, असे तो लिहितो. ही मंगोल सत्तेची देणगी होती. पण लगेच दोन अपवाद येतात आणि साऱ्या सल्ल्याचे मर्म त्यांतच आहे.

७. पहिला अपवाद व्यापाऱ्याच्या मृत्यूचा. तो वाटेत मेला, तर त्याचे सारे धन ज्या राजाच्या मुलखात मृत्यू आला त्याचे होते. सोबत सख्खा भाऊ असेल, तर मात्र माल त्याच्या हवाली केला जातो. भाऊ नसेल, तर स्वतःला भाऊ म्हणवणारा जिवलग सोबतीही चालतो. म्हणजे परमुलखात मानलेले नाते ही केवळ मायेची गोष्ट नव्हती. घरच्यांच्या वाट्याला काही उरेल की नाही, हे त्यावर ठरत असे.

८. दुसरा अपवाद राजाच्या मृत्यूचा. एक राजा गेल्यावर दुसरा गादीवर बसेपर्यंत फ्रँकांवर आणि इतर परदेशीयांवर अत्याचार होतात, असा इशारा तो देतो. फ्रँक म्हणजे पश्चिमेकडचे ख्रिस्ती. इशारा पोकळ नव्हता. १३४० च्या सुमारास चगताई खानतीत सत्तापालट झाला आणि याच वाटेवरच्या अल्मालिकमध्ये फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले.

९. पुढे सारा डोलाराच कोसळला. १३४३ मध्ये तानात एका व्हेनिसकराच्या हातून स्थानिक माणूस मारला गेला आणि जानी बेग खानाने इटालियनांना हाकलून दिले. १३४६ पर्यंत बार्दी पेढी बुडाली. १३६८ मध्ये चीनमधील मंगोल राजवट संपली.

१०. या पोथीची आज ज्ञात असलेली एकमेव हस्तलिखित प्रत १४७२ मधली आहे. ती नकलून घेणाऱ्याच्या काळात तानाहून खानबालिकला जाणारे व्यापारी उरले नव्हते. तरीही दाढीपासून दुभाष्यापर्यंतचा प्रत्येक सल्ला त्याने इमानाने उतरवून काढला. ‘वाट सुरक्षित आहे’ हे वाक्यही त्यात जसेच्या तसे राहिले.