नाताळचे कौटुंबिक विनोदी चित्रपट व त्यांचे उत्तरभाग : प्रेक्षकस्वीकाराचा एक विचार

एखादा चित्रपट लोकप्रिय झाला की त्याचे कथानक वा त्यातील पात्रे पुढे चालविणारा दुसरा चित्रपट निघतो. इंग्रजीत ज्यास सीक्वेल म्हणतात त्यास येथे ‘उत्तरभाग’ म्हटले आहे. अशा उत्तरभागांविषयी समीक्षकांचे मत बहुधा ठरलेले असते : शिळ्या कढीला ऊत आणण्याचाच हा प्रकार होय. इतर चित्रपटांच्या बाबतीत हे मत पुष्कळदा खरेही ठरते. परंतु अमेरिकेतील नाताळविषयक कौटुंबिक विनोदी चित्रपटांचा इतिहास पाहू लागले म्हणजे ही कसोटी अपुरी वाटू लागते. सणाला शिळेपणाचे भय नसते. गतवर्षी जे झाले तेच यंदाही व्हावे, अशीच सणाची अपेक्षा असते. तेव्हा अशा चित्रपटाचा उत्तरभाग प्रेक्षक कशाच्या आधारे स्वीकारतात वा नाकारतात, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावयास हवा. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने दोन चित्रमालिकांच्या आधारे हा विचार केला आहे.

पहिली मालिका ‘होम अलोन’ची. जॉन ह्यूज यांनी लिहिलेला व क्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९० मध्ये प्रदर्शित झाला. नाताळच्या प्रवासाच्या गडबडीत शिकागोजवळच्या घरी एकटाच राहिलेला आठ वर्षांचा केव्हिन दोन चोरांना युक्तीने जेरीस आणतो, एवढेच त्याचे कथानक. अमेरिकेतील तिकीटविक्रीत तो सलग बारा आठवडे अग्रस्थानी राहिला व त्याने तेथे सुमारे २८.५ कोटी डॉलर मिळविले. १९९२ मध्ये त्याचा उत्तरभाग आला. त्यात कुटुंब फ्लॉरिडाला जाते आणि मुलगा चुकीच्या विमानात बसून न्यूयॉर्कला पोहोचतो. चोर तेच, सापळे त्याच जातीचे. पहिल्या चित्रपटातील एकाकी वृद्ध शेजाऱ्याच्या जागी येथे उद्यानात कबुतरांना दाणे घालणारी स्त्री आहे. पुनरुक्तीचा आक्षेप समीक्षकांनी घेतला आणि तो वस्तुतः बरोबर होता. तरीही चित्रपटाला अमेरिकेत सुमारे १७.३ कोटी डॉलर मिळाले, आणि पुढील काळात अनेक घरांतून दोन्ही भाग जोडीने पाहण्याची प्रथा पडली.

१९९७ मधील तिसऱ्या भागाची गोष्ट वेगळी. लेखक ह्यूज हेच होते; दिग्दर्शक राजा गॉस्नेल हे पहिल्या दोन्ही भागांचे संकलक होते. परंतु मुलगा, कुटुंब आणि चोर हे सारेच नवे. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी हा भाग पहिल्या दोहोंपेक्षा आपणांस अधिक आवडल्याचे लिहिले. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. अमेरिकेतील उत्पन्न सुमारे ३ कोटी डॉलरांवरच थांबले. नावीन्य अधिक असलेला भाग नाकारला गेला व पुनरुक्तीचा भाग स्वीकारला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मालिका लांबली की ओढ कमी होते, एवढेच हे असेल. ‘द सांता क्लॉज’ या मालिकेचा दाखला या आक्षेपाच्या बाजूने देता येईल. १९९४ मधील पहिल्या भागाने अमेरिकेत सुमारे १४.४ कोटी डॉलर मिळविले. आठ वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने जवळजवळ तितकेच, म्हणजे १३.९ कोटी मिळविले. २००६ मधील तिसरा भाग मात्र ८.४ कोटींवर आला. नायक टिम ॲलन तिन्ही भागांत होते. तेव्हा ओळखीची माणसे असली म्हणजे स्वीकार होतोच असे नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु या उताराची तुलना ‘होम अलोन’च्या तिसऱ्या भागाशी करता येणार नाही. एकीकडे प्रेक्षक हळूहळू कमी झाले. दुसरीकडे त्यांनी नात्यालाच नकार दिला.

शिवाय तिकिटांचे आकडे हा केवळ पहिल्या हिवाळ्याचा पुरावा आहे. नाताळपटाचा खरा निवाडा पुढे घरात होतो. १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट, १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्यामुळे, दूरचित्रवाणी केंद्रे वारंवार दाखवू लागली आणि तेथूनच तो सणाचा भाग झाला. ‘होम अलोन’चेही असेच. पोलंडमध्ये पोलसॅट वाहिनीवर तो नाताळात दाखविण्याची रूढी पडली होती. २०१० मध्ये वाहिनीने तो वगळण्याचे ठरविताच प्रेक्षकांनी निषेध केला व तो पुन्हा कार्यक्रमात घ्यावा लागला. प्रत्येक उत्तरभागाची स्पर्धा अशा रीतीने दरवर्षी परत येणाऱ्या मूळ चित्रपटाशीच असते.

दुसरी मालिका ‘अ ख्रिसमस स्टोरी’ची. जीन शेपर्ड यांच्या कथांवर बॉब क्लार्क यांनी केलेला हा चित्रपट १९८३ मध्ये आला, तेव्हा त्यास माफक यश मिळाले. १९९७ पासून टीएनटी वाहिनीने नाताळात तो सलग चोवीस तास दाखविण्यास आरंभ केला, आणि खेळण्यातील बंदुकीसाठी झुरणारा राल्फी घरोघरी परिचित झाला. त्यापूर्वी, १९९४ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने शेपर्ड यांच्याच कथांवरून नव्या नटांचा उत्तरभाग काढला होता. त्याची कथा उन्हाळ्यातील होती. तो जवळजवळ विस्मृतीत गेला. २०१२ मध्येही राल्फीच्या भूमिकेत दुसराच नट घेऊन व्हिडिओसाठी एक भाग निघाला. त्यालाही घरात जागा मिळाली नाही.

२०२२ मधील ‘अ ख्रिसमस स्टोरी ख्रिसमस’ने मार्ग बदलला. मूळ चित्रपटातील राल्फी, म्हणजे पीटर बिलिंग्स्ली, येथे प्रौढ राल्फी म्हणून परतले. वडिलांची भूमिका करणारे डॅरेन मॅकगॅविन २००६ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या जागी दुसरा नट उभा न करता कथेतही वडिलांचे निधन झाले असे दाखविले, आणि त्या घरी यंदाचा नाताळ साजरा करण्याची जबाबदारी मुलावर टाकली. या चित्रपटाचे स्वागत आधीच्या दोन्ही प्रयत्नांहून पुष्कळच आपुलकीने झाले. दर नाताळात जो मुलगा नऊ वर्षांचाच दिसे, तो आता स्वतः बाप झालेला होता. आणि पाहणाऱ्यांपैकी कित्येक जण या काळात त्याच वाटेने गेले होते.

वरील विवेचनावरून असे दिसते की, नाताळपटाच्या प्रेक्षकाला पुनरुक्तीचा राग नसतो. घराचे नाव तेच ठेवून घरातली माणसे बदलली, तर ती मात्र त्याला सहन होत नाही. घर जसेच्या तसे ठेवले तर तो स्वीकारतो. काळाने त्या घरात जे खरोखर नेले ते प्रामाणिकपणे सांगितले तरीही स्वीकारतो. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने प्रदर्शनकाळचे उत्पन्न व समीक्षा एवढ्यावर विसंबून चालणार नाही. दूरचित्रवाणीच्या नाताळातील कार्यक्रमपत्रिका वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या पाहिजेत. कोणता भाग परत बोलावला गेला आणि कोणता गेला नाही, याची नोंद तेथेच सापडेल.