स्वप्नातला सराव

अजिंठ्याला जाऊन आलेल्यांनी २ क्रमांकाच्या लेण्यात महामायेच्या स्वप्नाचे चित्र पाहिले असेल. स्वप्न राणीला पडते, अर्थ सांगायला ब्राह्मण बसतो. आपल्या आजी-आजोबांच्या काळीही तेच होतं; स्वप्न आपलं, अर्थ दुसऱ्याचा.

बौद्ध परंपरेत दुसरी वाटही होती. ११ व्या शतकातील नारोपांच्या शिकवणीतून तिबेटात स्वप्नयोग रुजला. म्हणजे काय, तर 'हे स्वप्न आहे' हे झोपेतच ओळखून साधना करायची. विज्ञानाला याचा पुरावा १९७५ साली मिळाला. इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, झोपलेल्या माणसाने ठरल्याप्रमाणे डोळे हलवून दिलेली खूण यंत्रावर नोंदवली. २०१० मध्ये एर्लाखर व श्रेडल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कपात नाणी टाकण्याचा सराव स्वप्नात केलेल्यांचा नेम सकाळी सुधारला. मात्र २० पैकी ७ जणांनाच ते जमलं, आणि सर्वांत जास्त प्रगती जागेपणी सराव करणाऱ्यांची झाली.

म्हणून नवी मुंबईतल्या आपल्या मुलांना आम्ही एवढंच सांगू: स्वप्नाचा अर्थ विचारायला कुणाच्या दारी जाऊ नका. भाषणाची, मुलाखतीची तयारी जागेपणी करा. स्वप्नात भान आलंच, तर तिथेही एक उजळणी करा.